चुलीची भोकं कोण बुजवतं

९ नोव्हेंबर, रविवार

निवेदन देण्यात येते की, खाली सही करणाऱ्यास तेवीस वर्षांच्या संसारात एकही पांढरी बनियन लाभलेली नाही. विकत घेताना ती पांढरी असते, याला दुकानदार साक्षी आहे. पहिल्या धुण्यानंतर ती स्वयंपाकघरातल्या दोरीवर चढते आणि संध्याकाळी उतरते ती राखाडी होऊन, अंगभर बाभळीच्या धुराचा वास घेऊन. परवा तहसीलमधल्या बैठकीत शेजारच्या वार्ताहराने माझ्याकडे झुकून विचारलं, "सोनकांबळे, कुठं आग लागली का?" बिचाऱ्याला बातमीची आशा होती. तरी संबंधितांनी त्वरित दखल घ्यावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.

देगलूरहून मी नांदेडच्या पेपराला रोज अशी तीन-चार निवेदनं पाठवतो. एक स्वतःचं लिहायला हरकत नसावी.

संबंधित, म्हणजे आमची पंचशीला. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "बनियन कोण बगतंय तुमची? वरून शर्ट घालता न्हवं?" आणि खोकली. क्रियापद अपुरं आहे. चुलीपुढून उठून तिने भिंतीला हात टेकला, तोंडाला पदर लावला, आणि माझा चहा निम्मा संपेपर्यंत ती खोकतच होती. महिना-सव्वा महिना हे असं चाललंय. बसस्टँडजवळच्या डॉक्टरने एक बाटली दिली आणि धुरापासून लांब राहा म्हणाला. घरात गॅस आहे. त्यावर चहा होतो, भात होतो. भाकरी होत नाही, कारण इंगळावर टम्म फुगली नाही ती पंचशीलाच्या लेखी भाकरीच नव्हे, पापडाची मावशी.

बायको ऐकणार नाही, भाकरी सुटणार नाही. राहिली चूल. बनियनचं निमित्त, पण हा खोकला थांबवायचाच असं ठरवलं आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस मोबाइलवर चुलींबद्दल वाचलं. आम्हाला तर्कशास्त्रात शिकवलं होतं की डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं अनुमान करावं. ते शास्त्र रचणारा आमच्या स्वयंपाकघरात कधी आला नसावा. आमच्याकडे धूर डोळ्यांनी दिसतो, आग अनुमानाने मानावी लागते.

संध्याकाळी भुजंगकडे गेलो. उदगीर रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं शेड आहे. त्याला समजावलं की धूर म्हणजे न जळता पळून गेलेलं लाकूडच. एक हवा खालून पाहिजे, जाळीतून, लाकूड पेटायला. दुसरी वरून, तव्याच्या जरा खाली, बारीक भोकांतून. ती पळणाऱ्या धुरालाच पेटवते. खालची जास्त झाली की लाकूड भसाभसा संपतं, कमी पडली की धुमसत बसतं. वरची मिळालीच नाही तर सगळा धूर बाईच्या डोळ्यात. भुजंगने विडी बाजूला ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सर, एवढं तर माझी माय फुंकणीनं करायची."

तरी तयार झाला. म्हणाला, तुमी नकाशा काढा, भोकं आमी पाडतो, संस्कृतमदी भोकं पडत न्हाईत.

घरी येऊन मी खालच्या झडपेला 'अपान' आणि वरच्या बारा भोकांना 'उदान' अशी नावं दिली. शरीरातल्या पाच वायूंपैकी दोन. जळकोटला शाळेत शिपाई असलेल्या माझ्या बापाने मला हट्टाने संस्कृत घ्यायला लावलं होतं. ज्या भाषेनं आपल्याला दाराबाहेर उभं केलं तिच्या बैठकीत जाऊन बस, असं म्हणायचा. पोरगं एम. ए. होऊन त्या भाषेत चुलीची भोकं मोजेल, हे काही त्याच्या डोक्यात नव्हतं.

पंचशीलाला नावं सांगितली. म्हणाली, "चुलीला एका दिवसात दोन नावं. पोरीला ठेवायला तीन महिने लावले."

१६ नोव्हेंबर, रविवार

चूल बसली. आत भुजंगचा पत्र्याचा डबा, तळाला जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा, त्याला सरकती झडप. बाहेरून वीट आणि माती, जुन्या चुलीसारखीच. त्या मातीतून आरपार जाणारी बारा भोकं, बोट जाईल एवढी. मागून धुराडं, पत्र्यातून वर.

शेजारची नागुबाई बघायला आली. साठीची बाई, माहेर तेलंगणात, बोधनकडचं, त्यामुळे नाही म्हणायचं असलं की अजून तेलुगूत 'लेदु' म्हणते. मी आयुष्यात एकही वर्ग घेतलेला नाही, पण तिच्या हिशेबी शिकला तो मास्तर. भोकांकडे बघून तिने विचारलं, "उंदराला घरं केली का, मास्तर?"

पेटवली. पहिली पाच मिनिटं जुन्या चुलीची उणीव भासू नये इतका धूर झाला. अपान उघडायचा राहिला होता. तो उघडल्यावर तुराट्या तडतडल्या, ज्वाळा उभी राहिली आणि धूर विरळ होत गेला. हवा नीट ओढली जाते का बघायला बुद्धमूर्तीपुढची उदबत्ती उचलून एकेका भोकाशी धरली. धुराची दोरी सरळ आत. पंचशीला म्हणाली, तिथली उदबत्ती चुलीला दाखवता? मी म्हटलं, दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि कारण काढता येतं. ज्यांनी हे सांगितलं त्यांचीच उदबत्ती आहे, रागावणार नाहीत. तिला हसू आलं. हसताना खोकला आला. धूर नव्हता तरी आला, पण छातीत महिन्याचा साचलेला असणार. एका दिवसात थोडाच निघतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मला स्वयंपाकघरातून काढण्यात आलं. मी एवढंच सांगत होतो की चुलीचं तोंड लाकडांनी कोंबू नकोस, फक्त टोकं जळू दे, झडप आता निम्मी लोट, राख काढ, ते ओलं लाकूड परत ठेव. पीठ मळता मळता ती थांबली. बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "तुमी समोर बसलाव की चूलबी लाजती. जा तिकडं, बातम्या लिवा."

तेव्हा आजपासून निरीक्षण बैठकीच्या खोलीतून, कानाने. सकाळी नऊ ते साडेनऊ भाकरीची वेळ. त्या अर्ध्या तासात स्वयंपाकघरातून खोकला किती वेळा आला, ते मोजायचं. आज एकोणतीस.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल एकोणीस. आज अकरा.

मी उड्या मारणारा माणूस नाही, पण आज उठून कपाटाला टेकलो. विज्ञान म्हणजे काय, एक झडप आणि बारा भोकं. भाकरी मात्र हल्ली जरा जाड येते, कडेला बोटांचे ठसे दिसतात. आच सगळीकडून सारखी लागत असल्याने पीठ वेगळं वागत असावं. यावरही कुणी लिहिलं असेल, शोधायला हवं.

नागुबाई रोज नऊच्या ठोक्याला चूल बघायला येते आणि भाकरी होईपर्यंत हलत नाही. आमचं तीर्थक्षेत्र झालंय.

'देगलूरच्या ज्येष्ठ पत्रकाराने साकारली धूरमुक्त चूल' अशी बातमी मीच तृतीय पुरुषी लिहून नांदेडला पाठवली. चार ओळी आल्या. 'ज्येष्ठ' काढून टाकलं आहे. डेस्कवरच्या त्या माणसाला मी विसरणार नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल सकाळी चूल पुन्हा धुमसली. झडप उघडी, लाकूड कोरडं, राख काढलेली. तरी घरभर धूर. दिवसभर तत्त्वचिंतन केलं. धुराड्यात पक्ष्याने घरटं केलं असेल म्हणून पत्र्यावर चढलो. पक्षी नव्हता, खाली उतरण्याचा मार्गही नव्हता, भुजंगला फोन करून शिडी मागवावी लागली.

आज बॅटरी लावून पाहिलं तर बाराच्या बारा भोकं मातीने लिंपलेली. अंगठ्याने दाबून, वरून हात फिरवून, अगदी सफाईने.

मग उलगडा झाला. आमच्या भागात दर रविवारी सकाळी, पेटवण्याआधी, चुलीला पोतेरं करतात. शेणामातीचा हात फिरवायचा, चिरा बुजवायच्या. चिरलेली चूल म्हणजे घरची बाई आळशी. पंचशीलाने सवयीने पोतेरं केलं आणि माझ्या उदानाला चीर समजून बुजवलं.

तिला विचारलं तर म्हणाली, "मी कामून बुजवीन?" मी म्हटलं, मग पोतेरं काय तहसीलदार येऊन करून गेले? ती भिंतीकडे बघत राहिली. म्हणाली, हां, असंल, ध्यानात न्हाई राहिलं.

मी मोठ्या मनाने माफ केलं. कुठल्याशा उद्घाटनात मिळालेल्या पेनाने बाराही भोकं मोकळी केली. त्या पेनाचा झालेला हा पहिलाच उपयोग.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज फक्त चार.

संध्याकाळी धम्मप्रियाचा फोन. आमची एकुलती एक, लातूरला एका दवाखान्यात नर्स आहे. तिला आकडे वाचून दाखवले, एकोणतीसपासून चारपर्यंत. अभिनंदन केलं नाही. विचारलं, आई आडवी झोपती का बसून? मी म्हटलं, बाई गं, तुझ्या आईने माझी उशी बळकावली आहे, दोन उशांवर राणीसारखी टेकून झोपते, आणि मी हाताची घडी डोक्याखाली घेतो. सीमाप्रश्न आहे, सुटेल हळूहळू. ती हसली नाही. म्हणाली, "पप्पा, भाकरीच्या टायमाला खोकला मोजता. बाकीच्या टायमाचा कोण मोजतंय?"

मी म्हटलं, प्रयोगाला मर्यादा असतात.

आईला लातूरला घेऊन या म्हणते, फोटो काढू छातीचा. नर्स झालेल्या पोरांना सगळीकडे पेशंटच दिसतात, जशी आम्हाला सगळीकडे बातमी दिसते. आकडा शून्यावर आला की जाऊ, असं सांगितलं.

३० नोव्हेंबर, रविवार

पुन्हा बुजवली. बाराच्या बारा.

या वेळी रागावलो नाही. लेखी कारवाई केली. प्रत्येक भोकाभोवती खडूने गोल काढला आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, 'बुजवू नये. हुकुमावरून.' पंचशीला दारात उभी राहून बघत होती. हुकूम कुणाचा, असंही तिने विचारलं नाही. एरवी अशी संधी सोडली नसती.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. दरवर्षी सकाळी आम्ही दोघं पांढऱ्या कपड्यांत घरापासून पुतळ्यापर्यंत चालत जातो. लग्नानंतर एकही वर्ष चुकलेलं नाही. धम्मप्रिया पोटात होती तेव्हाही पंचशीला माझ्यापुढे चालत होती आणि मागे वळून, चला की ओ, म्हणत होती.

आज गल्लीच्या टोकाला नागुबाईचा ओटा लागतो, तिथे ती थांबली. गॅस चालू राहिला वाटतं, म्हणाली. तुमी व्हा पुढं, मी बगून येते. पायात माझ्या चपला होत्या. तिच्या तिला चावतात म्हणे. मी पुढे झालो. अभिवादन केलं, तीन भाषणं ऐकली, त्यातली अडीच मला पाठ होती. ती आली नाही.

परत आलो तर त्याच ओट्यावर बसलेली. घरापर्यंत गेलीच नव्हती. नागुबाई तिची पाठ चोळत होती. गॅस बंदच होता. मी म्हटलं, वय झालं तुझं, विसरायला लागलीस. हो म्हणाली.

मी अभिवादनाची बातमी लिहायला बसलो.

७ डिसेंबर, रविवार, सकाळ

आज चोर पकडायचाच म्हणून सहाला उठलो. माझ्या आयुष्यात सहा ही वेळ सहसा संध्याकाळी येते. शेजारची जागा रिकामी होती. पावलं न वाजवता स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो.

चुलीपुढे गुडघ्यावर नागुबाई. बाजूला शेणामातीचं घमेलं. एकेक भोक अंगठ्याने दाबून बुजवत होती, काहीतरी गुणगुणत. माझा हुकूम निम्मा मातीखाली गेला होता.

मी म्हटलं, नागुबाई, इतकं मोठं लिहून ठेवलंय. ती दचकली, मग माझ्यावरच चिडली. "मला कुठं वाचता येतंय? मला वाटलं, रांगोळी काढली."

विचारलं, तू का करतेस पोतेरं, पंचशीला कुठाय?

तिने हात घमेल्यात बुडवला, काढला, परत बुडवला. मग म्हणाली, "तिला वाकता येत न्हाई, मास्तर. वाकली की दम अडकतो. दसऱ्यापासून मीच करून राहिले."

मी सगळ्यात निरुपयोगी प्रश्न विचारला. भाकरी?

"ती बी. तुमाला तिनं भाईर काढलं ना, तवापासून. पीठ मळायला लागली की छाती भरून येती तिची. मी भाकऱ्या टाकती, ती मागं अंगणात बसती."

आणि खोकला? चारवर आलेला?

"तो माझा. तुमच्या भोकांनी धूर कमी झाला, खरं हाय. पर माझंबी वय हाय की."

मागच्या अंगणातला आवाज बैठकीपर्यंत येत नाही. तीन आठवडे मी नऊ ते साडेनऊ वही मांडीवर घेऊन, कान देऊन, नागुबाईचा खोकला मोजत होतो.

मला का नाही सांगितलं, विचारलं. लेदु, लेदु, म्हणत तिने मातीचे हात हलवले. तिनं आन घातली होती म्हणाली.

७ डिसेंबर, दुपार

पंचशीला अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर ऊन घेत होती. मी समोर दगडावर बसलो. तिला कळलं की मला कळलं. आतलं बोलणं ऐकलंच असेल.

मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. तेवीस वर्षांत तिने माझ्यापासून लपवलेल्या गोष्टींची यादी एका पोस्टकार्डावर मावेल, आणि त्यात बहुतेक माझ्या बहिणीबद्दलची मतं आहेत. हे का लपवलं, एवढंच विचारलं.

जरा दम घेऊन म्हणाली, "तुमी कदी न्हवं ते घरात कायतरी करून राहिला होताव. माझ्यासाठी. रोज आकडा सांगायलाव, खुशीत. मी म्हटलं, राहू दे, होऊ दे चार. चाराचं शून्य होऊ दे. मग सांगू."

मी म्हटलं, धुराने होत नव्हतं हे तुला ठाऊक होतं?

"चुलीपुढं न बसता बी तेच व्हायलंय म्हटल्यावर? ठाऊक व्हतं की."

"मग डॉक्टरला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्यानं सांगितलं असतं ना कायतरी."

मी तिच्या पायांकडे बघितलं. माझ्या चपलेचा पट्टा पायात रुतला होता. बोटाने घोट्याजवळ दाबलं तर खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. हे पाय मी रोज बघतो. म्हणजे रोज समोर असतात.

धम्मप्रियाला फोन केला. या वेळी आकडे सांगितले नाहीत. तिने विचारलं तेवढं सांगितलं. वाकल्यावर दम लागतो, हो. दोन उशा, हो. पायावर सूज, हो. केव्हापासून, तर दसऱ्यापासून, निदान नागुबाईच्या माहितीप्रमाणे. पलीकडे ती पेन चालवत होती, आवाज येत होता. छातीचा फोटो, ईसीजीची पट्टी, आणि हृदयाची सोनोग्राफी, सगळं उद्या, म्हणाली. दवाखान्यातला आवाज काढला होता तिने. मी म्हटलं, काही विशेष नसेल ना गं? पोरगी म्हणाली, "पप्पा, उद्या सकाळच्या गाडीनं निघा. आईला पिशवी उचलू देऊ नका."

बॅगेत दोन साड्या, शाल, जुनी औषधाची बाटली ठेवली आहे. पंचशीलाने माझं सामान भरायला घेतलं तेव्हा तिला खाली बसवलं. बसली. एरवी बसली नसती. नागुबाई भाकऱ्या बांधून देणार आहे. चूल तिच्यावर सोपवली. भोकं बुजवायची तर बुजव म्हटलं.

आता लिहायला गमतीचं काही नाही, तरी वही उघडून बसलो आहे.

खरं लिहायचं तर मला बनियनची काळजी कधीच नव्हती. पंचशीलाला दोन महिन्यांपासून दम लागतो. मी तिच्या शेजारी झोपतो, तिच्या हातचं म्हणून खातो, आणि मला ते शेजारणीकडून कळलं. धुरामुळे असतं तर बरं झालं असतं. त्याला मी काहीतरी करू शकत होतो. उद्या लातूरला डॉक्टर काय सांगतील याची मला भीती वाटते. तिच्याशिवाय कसं राहायचं, ते मला येत नाही.